टाइमलाइन लाल झाली म्हणजे लग्न गेलं नाही

*काका, नमस्कार. मी 24 वर्षांचा, सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. वडील चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर आहेत. मी तीन वर्षं लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो. लॅपटॉपमध्ये 512 जीबीची एसएसडी (चिपवाली डिस्क) आहे, काम प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. सी ड्राइव्ह कायम भरलेला. परवा मित्राची 1 टीबीची हार्ड डिस्क आणली आणि डेस्कटॉपवरची सगळी फोल्डरं कट करून तिच्यात पेस्ट केली. प्रोजेक्ट उघडला तर जिथं तिथं लाल पडदा, ‘मीडिया ऑफलाइन’. घाबरून काही फोल्डरं परत डेस्कटॉपवर आणली, आता काय कुठं आहे तेच कळेना. होटगी रोडच्या पार्टीला (गिऱ्हाइकाला) व्हिडिओ रविवारी द्यायचाय. दुकानदार म्हणतो 4 टीबीची डिस्क घ्या, विषय संपला. भाऊ म्हणतो नवा लॅपटॉप घे. वडील म्हणतात, एवढ्याशा डबीला एवढे पैसे कशाला? त्यात गेल्या वर्षीच्या एका पार्टीनं फोन करून सगळा रॉ डेटा (न कापलेलं मूळ फुटेज) मागितला, तो मी जागेसाठी काढून टाकलाय. भांडण झालं. काय करू? – एक व्हिडिओवाला*

आधी हात थांबव. आता एकही फोल्डर इकडचं तिकडं करायचं नाही, रिसायकल बिन रिकामा करायचा नाही, आणि मित्राला डिस्क परत द्यायची नाही. तू लिहिलंयस त्यावरून तरी क्लिपा कुठं गेलेल्या दिसत नाहीत, त्यांचे पत्ते तेवढे बदललेत.

तुझे वडील जकार्डवर आहेत म्हणजे तुला हे घरातल्या भाषेत सांगता येईल. चादरीवरचा मोर जकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डांत असतो, पण कार्डात सूत नसतं. कुठल्या ओळीला कुठला धागा वर उचलायचा एवढंच त्या भोकांना माहीत. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे ती कार्डं. अमकी क्लिप, इथून इथपर्यंत, तिच्यावर हा रंग, तिच्याखाली सनई, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणून तर अख्ख्या लग्नाची प्रोजेक्ट फाइल काही एमबीत मावते आणि फुटेज शेकडो जीबी खातं. सूत कुठल्या गोदामात आहे तेही फाइल पूर्ण पत्त्यानिशी लिहून ठेवते: सी ड्राइव्ह, मग तुझं नाव, मग डेस्कटॉप, मग लग्नाचं फोल्डर, मग कॅमेरा एक. तू रातोरात गोदाम हलवलंस आणि कार्डांना कळवलंच नाहीस. माग बिचारा रिकामाच खडखडतोय.

आता रविवारचं बघू, बाकीचं नंतर.

एक कोरा कागद घे. डिस्कवर कुठली फोल्डरं आहेत आणि डेस्कटॉपवर कुठली, ते हातानं लिही. नुसतं लिही, हलवू नकोस. मग होटगी रोडवाल्यांचा प्रोजेक्ट उघड आणि सगळ्यात आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून वेगळ्या नावानं ठेव, म्हणजे दुरुस्तीत घोळ झालाच तर मूळ फाइल शाबूत. प्रोजेक्ट पॅनलमधल्या ऑफलाइन क्लिपा निवड, राइट क्लिक करून ‘लिंक मीडिया’ घे, पुढं ‘लोकेट’. एका क्लिपेची नवी जागा दाखवलीस की त्याच फोल्डरातल्या बाकीच्या प्रीमिअर आपोआप उचलतं, त्यासाठीची टिक खिडकीतच असते. अर्ध्या क्लिपा सी ड्राइव्हवर आणि अर्ध्या मित्राच्या डिस्कवर असल्या तरी बिघडत नाही. प्रोजेक्टला नीटनेटकेपणाशी काही देणंघेणं नाही, पत्ता बरोबर असला की झालं. म्हणून रविवारपर्यंत आवराआवरीच्या फंदात पडू नकोस.

मात्र एक भोवरा आहे आणि त्यात मी स्वतः गटांगळ्या खाल्ल्यात. आपले कॅमेरे क्लिपांना नाव काय देतात? सी 0001, सी 0002. कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत आकडा पुन्हा एकपासून. म्हणजे तुझ्याकडं वीस लग्नं असतील तर सी 0007 नावाच्या वीस फाइली आहेत, दोन कॅमेरे असतील तर चाळीस. लिंक करताना तू चुकीच्या फोल्डरकडं बोट दाखवलंस तर प्रीमिअर मुकाट ती फाइल घेतं. नाव जुळलं, एक्स्टेन्शन जुळलं, त्याचं समाधान झालं. मी एकदा आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं काम असंच जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नेलं होतं. सगळं हिरवंगार, एकही लाल पडदा नाही. खुशीत रेंडर (तयार व्हिडिओ काढायला) लावला आणि जेवायला बसलो. नंतर बघतो तर सातही नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) संमती कट्ट्याकडं निघालेत, हलगी वाजतेय, आणि मधेच चार सेकंद कुणाचं तरी बारसं. पाळण्याला धरून आजीबाई हसतायत. लाल पडदा निदान ओरडून सांगतो की इथं काहीतरी नाही. चुकीची क्लिप गप्प बसते.

तेव्हा लिंक मीडियाच्या खिडकीत नुसत्या नावावर जाऊ नकोस, ‘मीडिया स्टार्ट’वरही टिक कर. म्हणजे क्लिपेचा सुरुवातीचा टाइमकोड (फाइलीत नोंदलेली वेळ) हाही जुळवून पाहिला जातो. आणि देण्याआधी पूर्ण व्हिडिओ एकदा डोळ्यांखालून घाल. दुप्पट वेगानं बघ हवं तर, पण बघ. लग्न लावलेलं बघायला पाहुण्यांना कंटाळा येतो, आपल्याला परवडत नाही.

रविवार पार पडला की सी ड्राइव्हकडं वळ. माझा अंदाज असा की तो सगळा काही तुझ्या फुटेजनं भरलेला नाही. प्रीमिअर प्रत्येक क्लिपेसाठी आवाजाच्या लहरी, इंडेक्स वगैरे काढून ‘मीडिया कॅशे’ म्हणून साठवतं, आणि ते विंडोजमध्ये तुझ्या युजर फोल्डरच्या आत, एरवी दिसतही नाही अशा ठिकाणी जातं. तीन वर्षं ते कुणी झाडलं नसेल तर ढीग साचलेला असणार. प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया कॅशे’ आहे, तिथून काढून टाक. लागेल तसं ते परत तयार होतं, नुकसान काही नाही, पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडायला जरा वेळ लागेल इतकंच. प्रिव्ह्यू फाइलींचंही तसंच. टाइमलाइनवरच्या हिरव्या पट्टीसाठी केलेले ते तात्पुरते रेंडर असतात, दिलेल्या कामांचे खुशाल उडव. ही झाडलोट आधी झाली असती तर कदाचित तुला मित्राचं दार वाजवावंही लागलं नसतं.

आता हलवायची रीत. कट-पेस्ट हा शब्द आजपासून विसरायचा. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कट करताना संगणक आधी कॉपी करतो आणि मग मूळ पुसतो. मधेच लाइट गेली, वायर हलली, कुणी स्टुलाला पाय मारला, की थोडं इकडं आणि थोडं तिकडं. नेमकं काय पोचलं ते शोधण्यात रात्र जाते. कॉपी करायची, तपासायची, आणि मूळ पुसायचं ते दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन झाल्यावर. तपासायचं म्हणजे किमान दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते प्रॉपर्टीजमध्ये बघायचं. त्याहून बरं म्हणजे टेराकॉपीसारखं साधन वापर. कॉपीनंतर दोन्ही फाइली पुन्हा वाचून त्या हुबेहूब आहेत का ते पडताळायची सोय त्यात आहे. वेळ जास्त लागतो, लागू दे.

संपलेलं काम हलवायचं असेल तर फोल्डर उचलूच नकोस. फाइल मेनूत ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ आहे. त्यात तुझे सिक्वेन्स (जोडलेल्या टाइमलाइन) निवड आणि ‘कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन’ घे. डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात जिथं कुठं प्रोजेक्टला लागलेल्या फाइली असतील त्या तो शोधून एका जागी आणतो आणि नव्या पत्त्यांची प्रोजेक्ट फाइलही देतो. आईनं ऐन वेळी पाठवलेलं ते अष्टविनायकाचं चित्र आणि भावानं दिलेलं गाणं हातानं हलवताना हमखास मागं राहतं. इथं ते सापडतं. न वापरलेल्या क्लिपा वगळायची टिकही तिथं आहे, जागा वाचते. कंपनीच्या जाहिरातीला ती ठीक, लग्नाला लावू नकोस. सहा महिन्यांनी फोन येतोच, ‘आमच्या थोरल्या मामांचा आहेर घेतानाचा शॉट का नाही?’ तो न वापरलेल्यांतच असतो.

तीन गोष्टी मात्र हा मॅनेजर आणत नाही. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरशी जोडलेल्या कॉम्पोझिशन, बाहेरून घेतलेले प्लगइन, आणि फॉन्ट. फॉन्टचं आपल्याला जास्त लागतं. तू श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट टायटलला वापरत असशील, तर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. वापरलेले फॉन्ट प्रोजेक्टच्या फोल्डरातच एका बाजूला टाकून ठेव. नाहीतर नवीन कामाला युनिकोड फॉन्ट घे, कटकट मिटेल.

एडियस या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काही जुनी कामं असतील तर तिथं हेच काम ‘कन्सॉलिडेट प्रोजेक्ट’ करतं. उद्या दा विंची रिझॉल्व्हवर गेलास तर एक ध्यानात ठेव: तिथं प्रोजेक्ट फोल्डरात फाइल म्हणून पडलेला नसतो, तो रिझॉल्व्हच्या डेटाबेसात असतो. फुटेजचं फोल्डर कितीही जपून हलवलंस तरी प्रोजेक्ट लॅपटॉपमध्येच राहतो, आणि लॅपटॉप फॉरमॅट केला की गेला. तिथं प्रोजेक्ट मॅनेजरमधून ‘एक्सपोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’ घ्यायचं, त्यात मीडियासकट सगळं येतं.

मेमरी कार्डाबद्दल एकच. कार्डावरून नुसत्या व्हिडिओ फाइली वेचायच्या नाहीत, कार्डावरची सगळी फोल्डरं जशी आहेत तशी उतरवायची. काही कॅमेरे लांब शॉटचे तुकडे करतात आणि ते तुकडे सांधायची माहिती शेजारच्या फोल्डरात असते.

डिस्क कुठली घ्यायची यावर दुकानदाराशी माझं पटत नाही. 4 टीबीची एक घेण्यापेक्षा 2 टीबीच्या दोन घे. पैसे थोडे जास्त जातील. पण एकच मोठी डिस्क म्हणजे सगळ्या लग्नांचं सामान एका टेम्पोत. तो पंढरपूरच्या वाटेवर उलटला की डझनभर घरचे फोन. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं लोकांच्या तोंडी रुळवलेला एक हिशेब आहे, 3-2-1: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. आपल्याला तो पूर्ण झेपत नाही हे मला माहीत आहे. निदान दोन प्रती ठेव, आणि दुसरी डिस्क मामाच्या घरी, जुळे सोलापुरात असो की कुठंही, पण तुझ्या कपाटात नको. लॅपटॉपची बॅग चोरीला जाते तेव्हा तिच्यातली डिस्कही जाते.

भावाला सांग की नव्या लॅपटॉपचीही एसएसडी अशीच भरेल. हिशेब मांडून दाखव. सेकंदाला 100 मेगाबिटनं शूट केलं तर, आठ बिटांचा एक बाइट म्हणून भागिले आठ, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला 45 जीबी. दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले की 270 जीबी. हळद आणि ड्रोन धरलंस की एका घरचं 300 जीबी कुठं गेलं नाही. 1 टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोज 931 जीबी दाखवतं (दुकानदारानं फसवलेलं नसतं, मोजायची रीत वेगळी आहे), म्हणजे तिच्यात तीन लग्नं.

वेगाचंही ऐक. फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 130 एमबी देते, म्हणजे 300 जीबीला पाऊण तासाच्या आसपास. पण ती जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टला लावलीस तर 35 वर येते, तेच काम सव्वादोन तासांच्या वर जातं. आतून निळा दिसणारा किंवा ‘एसएस’ लिहिलेला पोर्ट शोध. बऱ्याच जणांची डिस्क ‘हळू’ असते ती डिस्कमुळं नाही, पोर्टमुळं किंवा स्वस्तातल्या वायरीमुळं. बाहेरची एसएसडी साध्यातली साधी चारशेच्या पुढं जाते, दहा-बारा मिनिटांत मोकळा. पण तेवढ्याच पैशात जागा कितीतरी कमी मिळते, आणि तुला आत्ता जागा हवी आहे.

आता तू म्हणशील, हार्ड डिस्कवरून थेट एडिट होईल का? दोन कॅमेऱ्यांचे सेकंदाला पंचवीस एमबी, डिस्क शंभर देते, गणितानं व्हायला पाहिजे. हातानं होत नाही. तबकडीवरचं हेड एका क्लिपेवरून दुसरीवर उड्या मारतं, त्या प्रत्येक उडीत वेळ जातो, आणि तू टाइमलाइन पुढं-मागं ओढायला लागलास की ते हेड लहान पोरासारखं नुसतं धावत सुटतं. यावर उपाय प्रॉक्सी. मूळ फुटेज बाहेरच्या डिस्कवर ठेव, आणि इन्जेस्ट करताना, म्हणजे फुटेज प्रीमिअरमध्ये घेताना, त्याच्या हलक्या प्रती काढून त्या लॅपटॉपच्या एसएसडीवर ठेव. एडिट प्रॉक्सीवर करायचं, शेवटचा रेंडर मूळ फुटेजवरून आपोआप निघतो. मीडिया कॅशेही आतच राहू दे, तो बाहेर नेलास तर सगळंच रांगायला लागेल. पुढच्या सीझनला हात मोकळा झाला की चालू कामासाठी एक एसएसडी घे आणि या दोन हार्ड डिस्का साठवणीला ठेव. संपलेलं काम एसएसडीवर टाकून ती वर्षानुवर्षं उन्हाळ्यात कपाटात ठेवून देऊ नये, विजेशिवाय आणि उष्म्यात तिच्यातला चार्ज हळूहळू विरतो.

नवी डिस्क आली की दोन कामं कर. पहिलं फॉरमॅट. फक्त विंडोजवर वापरणार असशील तर एनटीएफएस. अल्बमवाल्याच्या मॅकवरही न्यायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण लिहीत नाही. एक्सफॅट मधेच ओढून काढलेलं कमी सोसतं, तेव्हा ‘इजेक्ट’ न करता वायर काढायची नाही. फॅट 32 नको, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसतच नाही. दुसरं काम अक्षराचं. विंडोज डिस्कला आज ‘इ’ म्हणतं, उद्या पेन ड्राइव्ह आधी लावलास तर ‘एफ’ म्हणतं, आणि पत्ता बदलला की परत लाल पडदा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एकीला ‘डब्ल्यू’ आणि दुसरीला ‘एक्स’ असं कायमचं अक्षर देऊन टाक, आणि तेच अक्षर मार्करनं डिस्कवर लिही. आत फोल्डरांची नावं तारखेनं सुरू कर, आधी साल, मग महिना, मग दिवस, मग आडनाव. नुसतं ‘पाटील लग्न’ नको, सोलापुरात ते कितीदा होईल याचा विचार कर.

आणि आपलं ऊन. एप्रिल-मेत पारा 43 च्या पुढं जातो, आणि काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरासाठीचं तापमान 35 अंशांपर्यंतच दिलेलं असतं. कॉपी चालू असताना पंखा तिच्याकडं वळव, लॅपटॉपवर ठेवू नकोस, वर चादर तर बिलकूल नको, आपली असली तरी. शूटहून येताना गाडीच्या डिकीत विसरायची नाही. चालू असताना हलवायची नाही. कधी टकटक असा आवाज यायला लागला तर तिथंच बंद कर. ‘रिपेअर’ची सॉफ्टवेअरं चालवत बसलास की उरलंसुरलंही जातं, ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

वडिलांना त्या डबीचं कसं सांगायचं? त्यांना विचार, कारखान्यात एका डिझाइनची कार्डं खराब झाली तर नवी करता येतात, पण गोदामाला आग लागली तर काय? त्यांच्या लक्षात लगेच येईल. लग्न परत लावता येत नाही.

रॉ डेटावाल्या पार्टीचं. चूक अर्धी तुझी आहे: काढून टाकण्याआधी एक फोन करायला हवा होता. अर्धी कुणाचीच नाही, कारण किती दिवस ठेवायचं ते ठरलंच नव्हतं. त्यांच्या घरी जा, फोनवर नको. दिलेल्या व्हिडिओची तुझ्याकडं असलेली सगळ्यात चांगल्या दर्जाची प्रत पेन ड्राइव्हवर फुकट नेऊन दे आणि सरळ सांग की मूळ फुटेज आता नाही. कार्ड करप्ट झालं वगैरे कथा रचू नकोस, सोलापूर एवढं मोठं नाही. आणि त्या लग्नानंतर तू ज्या कार्डांवर शूट केलं नसशील अशी एखादी ड्रॉवरमध्ये पडली असेल तर आधी ती तपास. फॉरमॅट केलेल्या पण नंतर न वापरलेल्या कार्डावरून कधीकधी फुटेज परत निघतं.

पुढच्या पावतीवर मात्र एक ओळ छापून घे: ‘व्हिडिओ दिल्यापासून सहा महिने मूळ फुटेज ठेवले जाईल. हवे असल्यास त्याआधी स्वतःची हार्ड डिस्क आणून द्यावी.’ सहा महिने हा माझा आकडा, तुला जमेल तो घाल. मोठ्या अक्षरात घाल, आणि अ‍ॅडव्हान्स घेताना बोटानं दाखव.

मित्राला डिस्क कधी द्यायची ते राहिलं. तुझ्या दोन्ही डिस्कांवर कॉपी होऊन, होटगी रोडचा प्रोजेक्ट त्याची डिस्क न लावता ‘डब्ल्यू’वरून पूर्ण उघडला, एकही लाल चौकट दिसली नाही, आणि मधेच कुणाचं बारसं आलं नाही, की मग दे. रिकामी करून दे, आणि सोबत पावशेर शेंगा चटणी.